सोमकुवर मॅडमची फौज

शोकसभेत एक पुढारी उठला आणि म्हणाला, "मॅडमची इम्युनिटी कमी पडली."

माईक हिसकावून घ्यावा असं वाटलं. घेतलाही असता, पण समोर पहिल्या रांगेत मॅडमची आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. तिच्यासमोर तमाशा करवला नाही. मग पुढारी मोकाट सुटला. गुळवेलीचा काढा प्या म्हणाला. हळदीचं दूध प्या म्हणाला. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या म्हणाला. कोवळं ऊन! जिनं अर्धं आयुष्य छत्रीखाली काढलं, तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर. आणि सभागृहानं माना डोलावल्या. त्यात मॅडमकडून बारावीचं जीवशास्त्र शिकून गेलेले निदान वीस-पंचवीस जण होते.

म्हणून हे लिहिते आहे. मला पत्रकं लिहायची सवय आहे, एका कागदात मावतील अशी. मॅडम एका कागदात मावत नाहीत.

सुनंदा सोमकुवर. राहायच्या सौंसरला आईसोबत, शिकवायच्या पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, ते लोकांनी आपापल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं, कारण मॅडमच्या दोन्ही गालांवर लाल डाग होता, नाकाच्या दांड्यावरून जोडलेला, फुलपाखरू येऊन बसावं तसा. कोणी म्हणे कोड आहे. कोणी म्हणे रक्त खराब आहे. कोणी म्हणे बाई लाली लय लावते. हे सगळं त्यांच्या कानावर यायचंच. त्या म्हणायच्या, "लालीवालं उत्तर मले आवडलं. बाकी दोघं नापास."

छत्री काळी, पुरुषी, लाकडी मुठीची. पावसात सगळेच छत्री धरतात; मॅडम डिसेंबरात धरायच्या, शाळेच्या व्हरांड्यात धरायच्या, प्रार्थनेच्या रांगेत धरायच्या. बाह्या मनगटापर्यंत. बसमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, जाताना उजवीकडची आणि येताना डावीकडची, म्हणजे सावलीची. त्या जागेवर कोणी बसलं की कंडक्टर मागूनच ओरडायचा, "ओ काका, मॅडमची सावली सोडा!" काका उठायचे. काहून म्हणून कोणी विचारायचं नाही. या एका कंडक्टरला मॅडमचा आजार साऱ्या गावाआधी कळला होता असं मला वाटतं. म्हणजे नाव नव्हतं माहीत, पण काय करायचं ते माहीत होतं.

आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून पुस्तक हिंदीत, पेपर हिंदीत आणि डोकी वऱ्हाडीत. मॅडम पुस्तकातलं एक वाक्य मोठ्यानं वाचायच्या, 'प्रतिरक्षा तंत्र शरीर को रोगाणुओं से बचाता है', आणि पुस्तक मिटायच्या.

"समजलं?"

"हो मॅडम!"

"खोटं नका बोलू. चला मैदानात."

मैदानात कडुनिंबाखाली चुन्यानं एक लांब रेघ मारलेली असे. ही चामडी. मॅडमच्या हातात संत्र्याच्या झाडाचा काटा. "बगीच्यात हा कोणाकोणाले रुतला?" सगळ्यांचे हात वर. आमच्याकडे संत्री तोडायला न गेलेलं पोट्टं शोधूनही सापडत नाही. "मंग अर्धा धडा तुमच्या बोटाले पाठ आहे. उरलेला मी सांगतो."

(हो, 'सांगतो'. आमच्याकडे बायाही 'सांगतो' म्हणतात. पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करू नये.)

मग त्या भूमिका वाटायच्या. चार पोट्टे जंतू: काट्यासोबत रेघेच्या आत घुसणारे. दहा-बारा जण साध्या पांढऱ्या पेशी. यांनी सगळ्यांत आधी धावत यायचं, जंतूला मिठी मारायची आणि तिथंच मरून पडायचं. "जखमेत पू होते ना? तो घाण नाही. ते हे पोट्टे आहेत. पुसताना जरा मान ठेवून पुसा." एक जाडा मुलगा होता, त्याला त्यांनी भक्षकपेशी केलं: मेलेले, जिवंत, जे सापडेल ते खाणारी. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हा नसता तं तुम्ही सारे जण आतल्या आत सडून गेले असते. याले टाळ्या वाजवा." त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खाण्यासाठी टाळ्या मिळाल्या.

एक पोट्टी निरोप नेणारी. तिनं जंतूच्या शर्टाचं बटण तोडायचं आणि पळत जाऊन दूरच्या ओट्यावर दाखवायचं. तो ओटा म्हणजे लसिका ग्रंथी, मॅडमच्या भाषेत 'चौकी'. चौकीत टी-पेशी बसलेल्या. त्यातली एक ठाणेदारीण, मदतनीस टी-पेशी. ती बटण पाहून हो म्हणेपर्यंत पुढची फौज हलत नाही. ती हो म्हणाली की बी-पेशींनी कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन सुटायचं आणि त्याच बटणाच्या जंतूच्या पाठीवर चिकटवायच्या. ही प्रतिपिंडं. चिठ्ठी लागली की भक्षकपेशीला आंधळेपणीही सापडतो. मारेकरी टी-पेशींचं काम वेगळं: जंतू आपल्याच पेशीच्या घरात लपला, तर ते घरच पाडायचं. आणि सगळं संपल्यावर दोघं-तिघं निंबाखाली बसून राहायचे, ते बटण लक्षात ठेवून, पुढच्या वर्षीसाठी. लस म्हणजे यांना आधीच बटण दाखवून ठेवणं. झाला धडा. पंचवीस वर्षांत गाइडवाले जे समजावू शकले नाहीत, ते चुन्याच्या एका रेघेत.

मला मारेकरी व्हायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू थांबवणारी."

"म्हणजे?"

"जंतू संपले की एकेकाजवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आन् म्हणायचं, झालं, घरी चल."

"हे काय काम झालं मॅडम? हे तं कंडक्टरचं काम झालं."

"सगळ्यात अवघड आहे. लढणारे तं गल्लोगल्ली भेटतात. थांबवणारं एक माणूस दाखव मले पांढुर्ण्यात."

मी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेले. कोणी ऐकलं नाही. जंतू केव्हाचे आडवे झाले होते. तरी पोट्ट्यांना चेव चढलेला, चिठ्ठ्या एकमेकांच्या पाठीवर लागायला लागल्या, मारेकरी भक्षकाच्या अंगावर गेले, एकाचा शर्ट टरकन फाटला. मॅडम छत्रीखालून नुसत्या पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी शिट्टी मारली.

"काय झालं आत्ता?"

सगळे धापा टाकत एकमेकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या पाहत होते.

"गोटमार पाहिली ना सगळ्यांनी?"

हा काय प्रश्न झाला? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, मधल्या पळसावरच्या झेंड्यासाठी. झेंडा निघाला, चंडीमातेच्या देवळात गेला की गोटे खाली. त्या दिवशी मॅडम मुद्दाम पांढुर्ण्यात थांबायच्या, शाळेच्या एका शिपायाच्या घराच्या ओट्यावर, बादली आणि साबण घेऊन. डोकं फुटलेले लोक जखमेवर देवीची भभूत लावतात. मॅडम म्हणायच्या, "लावा ना. आधी साबण, मंग भभूत. देवी स्वच्छतेवर रागावत नाही."

तर मैदानात त्यांनी विचारलं, "झेंडा निघाला, देवळात गेला, तरी गोटे थांबलेच नाही तं?"

सावरगावचा एक मुलगा म्हणाला, "मंग घरचेच मरतीन मॅडम. दोन्हीकडे सोयरेच तं आहेत सारे."

"बस. हाच माहा आजार आहे." त्यांनी गालावर बोट ठेवलं. "पाहून राहिले ना हे लाल? हे गोटे आहेत. बाहेरचा कोणीच नाही आत. माही फौज माह्याच घरावर मारून राहिली. ऊन लागलं की आणखी चेकाळते. थांबवणारी पेशी माह्याकडे कमी पडली." मग घंटा झाली आणि त्या म्हणाल्या, "चला. त्या पोट्ट्याचा शर्ट कोण शिवून देऊन राहिलं?"

ल्युपस हे नाव आम्ही त्यानंतर कधीतरी ऐकलं. पण समजलं त्या दिवशीच. लिहून घ्या पुढारी साहेब: कमी नव्हती. जास्त होती. त्यांच्याएवढी 'इम्युनिटी' साऱ्या जिल्ह्यात कोणाकडे नव्हती आणि तीच त्यांना खाऊन राहिली होती.

मी शाळा सोडल्यावर दवाखान्यांच्या प्रश्नावर काम करायला लागले. औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि गावोगाव डिग्री नसलेले 'डॉक्टर' आल्या-गेल्याला स्टिरॉइडची सुई टोचून ताप उतरवून दाखवतात. त्यावर मी पत्रक काढलं. 'स्टिरॉइड म्हणजे विष!' असं ठळक. छापायच्या आधी मॅडमना दाखवायला सौंसरला गेले. त्यांनी पर्समधून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. स्टिरॉइडच्याच गोळ्या.

"हे माहं रोजचं विष. याच्यानंच मी तुह्यासमोर बसून आहे. तोंड फुगलं, हाडं ठिसूळ झाली, पण आहे. औषधाले शिवी देऊ नको. जो न पाहता टोचते, त्याले दे. आन् हेही लिही, की डॉक्टरले न विचारता ही गोळी एकदम बंद करू नका. तुहं पत्रक वाचून एखादी माह्यासारखी बाई फेकून देईन."

मी पत्रक बदललं. ठळक अक्षरं गेली, पत्रक लांबलं. मॅडम म्हणाल्या, "खरं बोलाले जागा लागतेच."

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांचं दुसरं औषध गायब झालं. मलेरियाची एक साधी गोळी, जी ल्युपसवाले फौज शांत ठेवायला रोज घेतात. कोणीतरी सांगितलं, ती कोरोनावर चालते. झालं. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनी पाकिटंच्या पाकिटं उचलून घरच्या कपाटात ठेवली. पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, कुठल्याच मेडिकलमध्ये एक पट्टी मिळेना. मी फोनवर शिव्या देत होते. मॅडम म्हणाल्या, "भेलेल्या माणसाले शिव्या देऊन काय होते? जे कपाटात ठेवून बसले, त्यातले अर्धे माहे विद्यार्थी. त्याईलेच माग." मी मागितल्या. पांढुर्ण्याच्या गल्ल्यांतून गोळ्या परत आल्या, कुणाच्या अर्ध्या पट्ट्या, कुणाच्या चार सुट्या गोळ्या कागदात बांधून. पण मधे जे आठवडे कोरडे गेले, त्यात फौज मूत्रपिंडांत शिरली. ती मूत्रपिंडं पुढे कधी पूर्ण सावरली नाहीत. हे कुठल्या शोकसभेत बोलायचं असतं?

आणि मग काढे. कोरोनानंतर आमच्याकडे प्रेम म्हणजे गुळवेल. कडुनिंबावर चढलेली वेल तोडायची, कुटायची, उकळायची आणि आजारी माणसाच्या दारात जायचं. मॅडमच्या दारात तर रोज कोणीतरी. "मॅडम, ताकद येते. फौज मजबूत होते." आता ज्याची फौज आधीच पिसाळलेली, तिला आणखी दाणागोटा कशाला द्यायचा? मॅडम पहिल्यांदा समजावायच्या. दुसऱ्यांदाही समजावायच्या. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "मंग एकदा जामसांवलीले तं नेऊन पाहा. लोक बरे होऊन येतात मारुतीच्या दारातून." मॅडम म्हणाल्या, "येईन ना काकू. पण रांगेत ऊन लय आहे. मारुतीले म्हणा, सावलीत भेटू."

सगळ्यांना समजावता येतं, आईला येत नाही. त्यांची आई रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात काढा घेऊन समोर उभी राहायची. मॅडमनी एकदा, दोनदा सांगून पाहिलं. आईचे डोळे भरून आले, "माह्या हातून काहीच नाही करू देत वं तू मले." त्या दिवसापासून मॅडम पेला घ्यायच्या, अंगणात जायच्या आणि मोगऱ्याच्या कुंडीत ओतायच्या. रिकामा पेला परत. आई खूश. मी एकदा पाहिलं, तर ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "मोगऱ्याची इम्युनिटी वाढून राहिली."

त्या गेल्यावर चार-पाच दिवसांनी आईनं मला आत बोलावलं. दार लावलं.

"खरं सांग. तू खरं बोलते म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं, काढा-बिढा देता का म्हणून. माह्या काढ्यानं गेली का वं माही सुनी?"

खरं बोलल्यानं आजवर मी लोकांची तोंडं उतरवली आहेत. त्या दिवशी एकदाच खऱ्याचा औषधासारखा उपयोग झाला. मी सांगितलं, "एक घोट नाही घेतला तिनं, माय. सारा मोगऱ्याले गेला."

आई उठली. अंगणात गेली. मोगऱ्यापुढे उभी राहिली. "म्हणून मेला एवढा माजला," म्हणाली, आणि मग तिथंच खाली बसून रडली. शोकसभेत ती रडली नव्हती.

शेवटचं आजारपण दिवाळीनंतरचं. साधा खोकला होता. पण मॅडमनीच शिकवलं होतं: औषध फौजेला झोपवतं, आणि झोपलेली फौज खरा चोर आला तरी झोपलेलीच. फुप्फुसं भरत गेली, मूत्रपिंडं बसली. आमच्या सरकारी दवाखान्यानं एक शब्द लिहिला, 'रेफर'. पांढुर्णा जिल्हा झाल्याच्या पाट्या लागल्या, शब्द तोच राहिला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेतलं. मशीनवर ठेवावं लागेल. खाट नाही. मिळाली तरी...

मी सुरू झाले. मला दुसरं काही येत नाही. याला फोन, त्याला फोन, अधीक्षकाच्या दारात आवाज, "आत्ताच्या आत्ता खाट पाहिजे, नाहीतर इथंच बसतो आम्ही!" गर्दी जमली. कोणी मोबाइल धरला. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून मॅडमची आई दिसली, हातानं बोलावत होती.

आत गेले. मॅडमचं तोंड सुजलेलं, तोंडावर ऑक्सिजन. त्यांनी हात उचलला. फार जड होता तो हात, वर यायला वेळ लागला. माझ्या खांद्यावर ठेवला. मास्क बाजूला सारून म्हणाल्या, "झालं. घरी चल."

"मॅडम, एक फोन बाकी आहे. एकच."

"तुले मैदानात काम कोणतं दिलं होतं मी?"

मी फोन पर्समध्ये टाकला. त्यांच्या खाटेच्या कडेला, घरी नेत असल्याच्या फॉर्मवर आईनं अंगठा लावला आणि आम्ही सौंसरकडे निघालो. सावनेर मागं गेलं. लोधीखेड्याजवळ समोर संत्र्यांचा ट्रक होता. गाडीत वास शिरला. मॅडमनी डोळे उघडून विचारलं, "आंबिया बहाराची संत्री का?" मी हो म्हटलं. मला काहीच दिसत नव्हतं, पण हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "बाज अंगणात घ्या."

आम्ही दोघींनी त्यांना बाजेसकट बाहेर काढलं, मोगऱ्याजवळ. डिसेंबरचं ऊन होतं, अंगणभर. आई सवयीनं आत धावली आणि छत्री घेऊन आली. मी तिच्या हातून घेतली, उघडली, त्यांच्या डोक्यावर धरली. सावली तोंडावर पडली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वर्गात उत्तर येत असूनही कोणी गप्प बसलं की पाहायच्या तसं.

मग त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताची बाही वर सरकवायला घेतली. जमत नव्हतं. आईनं सरकवून दिली, आधी एक, मग दुसरी. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात कोपरापर्यंत कधी पाहिले नव्हते. पांढरे, कोवळे, एखाद्या शाळकरी मुलीचे असावेत तसे.

मी छत्री मिटली. त्यांनी तोंड उन्हाकडे फिरवलं.